वीस नळ्यांचा हट्ट

इब्रा, तुझ्याशी बोलायला बसलो की उठावंसं वाटतं, आणि उठलो की बसावंसं. सकाळपासून हे चौथ्यांदा. मघाशी चुन्याची डबी शोधायला उठलो, घरभर शोधली, आणि ती माझ्या मुठीतच होती. सुभद्रा आतून म्हणाली, "आवं, बसा की एका जागी. दावं तुटलेल्या म्हशीगत काय फिरताय?" तिला काय सांगणार? तू गेलास त्याला आज बारा दिवस झाले. आमच्यात बाराव्याला बरंच काही करतात, तुमच्यात नाही. तुझ्यासाठी मी नक्की काय करायचं हे ना आमच्या भटजींनी सांगितलं, ना तुमच्या मौलवींनी. तेव्हा कागद पुढं ओढला.

तुझ्या हाताचं कौतुक करायला मिरजेत माणसं पुष्कळ आहेत. तुझ्या तंबोऱ्याची तार छेडली की खोलीतला माणूस बोलायचा थांबायचा, हे ते सांगतील. त्यांना सांगू दे. मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धं राहिलं आणि तू निघून गेलास. भांडणातून मधेच उठून जायची सवय तुझी नव्हती, माझी होती.

सुरुवात कुठं झाली ते आठव. लढाई संपली होती. इटलीच्या उत्तरेला कुठल्याशा गावाबाहेर आपली छावणी, आणि सगळे जहाजाची वाट बघत बसलेले. तू इंजिनिअर कंपनीतला सुतार, मी कोठारातला कारकून. मी तुला खिळे कमी द्यायचो आणि तू मला शिव्या जास्त. मी साताऱ्याचा, तू मिरजेचा, दोघांच्या पोटात कृष्णेचं पाणी. परमुलखात मैत्रीला एवढं कारण पुरतं.

एका रविवारी चर्चपुढच्या चौकात वीसेक माणसं रांगेनं उभी होती. प्रत्येकाच्या हनुवटीखाली वेताच्या नळ्यांची ओळ, एका टोकाला लांब, दुसऱ्या टोकाकडं आखूड होत गेलेली, खालची तोंडं बंद. नळीला बोटाचं भोक नाही. रिकाम्या बाटलीवर फुंकतात तसं वरच्या कडेवर फुंकायचं, एका नळीतून एकच सूर काढायचा, आणि दुसरा हवा असेल तर तोंड दुसऱ्या नळीवर न्यायचं. पहिल्या माणसाच्या नळ्या वीतभर. शेवटच्या ढेरपोट्याच्या थेट बेंबीपर्यंत, गळ्यात पट्ट्यानं अडकवलेल्या. माना डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. मी म्हणालो, "आयला, ही मानसं उभ्या उभ्या कणसं खात्यात." तू माझ्या पायावर पाय ठेवलास. लष्करी बुटासकट.

मग मीही ऐकलं. परत येताना छावणीच्या फाटकापाशी म्हणालास, "दत्त्या, आपल्या बासरीत सात सूर एकाच खोलीत दाटीवाटीनं ऱ्हात्यात. हितं परत्येकाला आपापलं घर हाय."

नळ्या उंचीप्रमाणं बसलेल्या बघून मी त्या वाद्याला 'पंगत' म्हणालो. तिथल्या भाषेतलं नाव आपल्या जिभेला वळेना, त्यामुळं तेच चिकटलं. पुढं तू त्या वाद्याच्या मागं असा लागलास की मला तुझी काळजी वाटायला लागली. निर्वासितांच्या छावणीत रुमानियाचा एक म्हातारा होता, त्याच्याकडची पंगत वाकडी, चंद्रकोरीसारखी, वीस नळ्यांची. तू त्याला त्याच्या मोडक्या खाटेचे पाय नीट करून दिलेस आणि तासभर ती पंगत मांडीवर घेऊन बसलास. डोंगरातल्या एका गुराख्याकडं तर नळ्याच नव्हत्या. लाकडाच्या चपट्या ठोकळ्यात वरून सात भोकं पाडलेली, एकापेक्षा एक उथळ. तू प्रत्येकात काडी घालून खोली मोजलीस आणि माझ्या कोठाराच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलीस. पुढं त्या वहीवरून मला साहेबानं काय काय सुनावलं ते तुला कधी सांगितलं नाही. आता सांगितलं.

तुझ्या मनात काय होतं ते मला तेव्हाच कळलं होतं. आपल्याकडच्या कळकाची पंगत करायची आणि तिच्यावर आपला भूप ऐकायचा. ती विकायची नव्हती, कुणाला दाखवायची नव्हती. एकदा कानानं ऐकायची होती. आणि तू स्वतः वाजवूही शकला असतास, पण त्याच महिन्यात तुझ्या छातीत पाणी झालं. डॉक्टरनं बजावलं, इथून पुढं काही फुंकायचं नाही. मी दुभाषा म्हणून शेजारी उभा होतो. मी माझ्या पदरचं घातलं, "चूलबी न्हाई." तुला ते पुढं दोन वर्षं खरं वाटत होतं. भाभींनी मला त्याबद्दल फार सुनावलंय.

जहाजावर कठड्याला टेकून तू म्हणालास, "हात माजं, फुंकर तुजी. तुजी छाती तशी रिकामीच असती. वापरू की."

मी हो म्हणालो. इब्रा, मी किती सहज हो म्हणतो ते तुला माहीत होतं.

*

सेहेचाळीस साली मी जावळीकडून बारीक कळकाची मोळी घेऊन मिरजेला आलो. सातारारोडला गाडीत चढताना ती एका मास्तरांच्या टोपीत अडकली आणि कराडपर्यंत त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. तुमच्या कारखान्यात पहिल्यांदा पाऊल टाकलं तेव्हा वर आढ्याला भोपळे टांगलेले, मी मान वर करून बघत पुढं गेलो आणि सरळ अब्बांच्या रंगाच्या वाटीत पाय. अब्बांनी वाटीकडं पाहिलं, पायाकडं पाहिलं, मोळीकडं पाहिलं. म्हणाले, "इब्राहिम, तुझी फुंकर आली."

अब्बांना तो प्रकार पसंत नव्हता. तीन पिढ्या तंतुवाद्यं करणाऱ्या घरात गुराख्याच्या नळ्या. ते पाठ करून भोपळा खरवडत बसायचे. पण तू नळी चुकीची कापलीस की त्यांची खरवड थांबायची, हे मी बघून ठेवलं होतं.

तुला तीन महिने लागले. मी पुन्हा आलो तेव्हा चटईवर तू तीन पंगती मांडल्या होत्यास. पाच नळ्यांची सरळ. सात भोकांची शिसवी ठोकळ्याची. आणि वीस नळ्यांची वाकडी, जिच्यावर तुझा सगळा जीव ओतलेला दिसत होता. तू मास्तरासारखा मांडी घालून बसलास.

"आता नीट बघ आन् सांग, नवशिक्यानं कंची घ्यावी?"

"सगळ्यात मोठी."

"का?"

"पुढं मागं लागलीच तर घरात असावी."

"आरं, बारशाला पोराला कुनी नवरदेवाचा फेटा बांधतं व्हय?" तू आखूड नळी उचललीस. "ही बघ. लय आखूड नळी किंचाळती, तिला व्हट आवळावं लागत्यात. लय लांब नळी तानलेल्या बैलागत दम पिती. नवशिक्याला मधल्या मापाच्या बऱ्या. तोंड करंगळीएवढं, कड गुळगुळीत. आन् मोजक्या. पाच. सा, रे, ग, प, ध. पाचात सगळा भूप बसतो. खाली बघितलं की दिसतंय आपून कुटं हाय."

"आन् हा ठोकळा?"

"ठोकळा फुटत न्हाई, भिजला तरी रुसत न्हाई. पर एकदा भोक चुकलं की जलमभर चुकलं. नळीत मेणाचा खडा घालून सूर चढवता येतो, काडून उतरवता येतो. ठोकळ्याचं तसं न्हाई. लगीन लागल्यागत."

भाभी आतून खाकरल्या. तू आवाज खाली आणलास.

"वाकडीला मान कमी फिरवावी लागती, ही खरी गोष्ट हाय. पर वीस नळ्यांत तू हरवशील, दत्त्या. डोळं मिटून ज्याला घर सापडतं त्याची ती. तू उघड्या डोळ्यानं रंगाच्या वाटीत पाय देतोस."

मी तरी विसाचीच मागितली. तू समजावलंस, मी हटून बसलो. तू रागावलास, मी हसलो. शेवटी अब्बांनी मागं न वळता निकाल दिला: "दे त्यांना. ज्याचं तोंड मोठं, त्याला मोठंच लागतं."

खरं कारण तुला तेव्हा सांगितलं नाही. इटलीत मी वीस नळ्यांचं वाद्य वाजवत होतो आणि गोरे साहेब टोप्या काढून ऐकायचे, असं मी साताऱ्यात कचेरीभर सांगून ठेवलं होतं. इतकंच नाही, पोवई नाक्याजवळच्या एका फोटोवाल्याकडं जाऊन वर्दीतल्या फोटोची वेळही ठरवली होती. फोटो झाला. छान आला. त्यात मी पंगत उलटी धरली आहे. तू तो फोटो मागायचास आणि मी दर वेळी विसरायचो, त्याचं कारण हे.

मग उन्हाळा आला आणि मटकीचं प्रकरण झालं. त्यावर तू इतका हसलास की ते पुन्हा सांगायचा मला हक्क आहे. तू बजावलं होतंस: वाजवण्यापूर्वी नळ्या किंचित ओल्या कर, कोरड्या कळकाला तडा जातो, आणि उन्हात ठेवू नकोस, आत मेण आहे. मी पहिलं मनापासून पाळलं. इतकं, की पंगत भिजवून गदगदीत केली, आणि मग वाळावी म्हणून पत्र्यावर सुभद्राच्या सांडग्यांशेजारी ठेवली. संध्याकाळपर्यंत मेण वितळून ओघळलं आणि सूर ढासळले. भूप सोड, ती कुठल्याच घराण्याची राहिली नाही.

शहाण्या माणसानं मिरजेची गाडी धरली असती. मी स्वयंपाकघरात गेलो. नळीचा तळ वर आणायचा एवढंच ना, मग मेणच कशाला? मटकीचे दाणे टाकून बघितले. एका नळीत चार, एकीत सहा, एकीत नऊ. आणि इब्रा, शप्पथ सांगतो, सूर बऱ्यापैकी जमले. मी तुला कार्ड टाकलं, 'मेणाची कटकट मिटवली आहे, भेटीत सांगेन.' तिसऱ्या दिवशी फुंकलं तर आवाज येईना. नळीत डोकावलो. पांढरी शेपटी. रोज ओली करत होतो ना, दाण्यांना मोड आले होते. तीन नळ्या उभ्या उकलल्या. सुभद्रा कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता फोडणी घालू का?"

पंच्यात गुंडाळून पंगत तुझ्यापुढं ठेवली तेव्हा तू आधी मोडाकडं बघितलंस, मग माझ्याकडं. आणि हसायला लागलास. अब्बाही वळले. चटईवर आडवा पडून तू हसत होतास, हसता हसता खोकायला लागलास, आणि खोकला थांबेना. पाणी आणलं. तू रुमाल तोंडाला लावलास, काढलास, त्याकडं पाहिलंस, घडी केलीस आणि खिशात ठेवलास. मग पुन्हा हसलास, पण ते दुसरं हसू होतं. मी ते रुमालाचं पाहिलं होतं. तू मला पाहताना पाहिलं होतंस. आपण दोघंही मटकीवर बोलत राहिलो.

"आता तरी पाचाची घे," तू म्हणालास.

"विसाचीच नीट करून दे."

"आरं, मला ऐकायचीय रं ती कवातरी."

"ऐकवतो की. गडबड काय हाय?"

हे वाक्य माझंच. गडबड काय हाय. याच वाक्यापाशी मी सकाळपासून चार वेळा उठलोय.

तू ती पंगत नीट केलीस. तीन आठवडे लागले तुला. खोकत, उन्हाला पाठ देऊन, एकेक नळी पुन्हा कापून. नको म्हणायचं होतंस. पाचाची माझ्या हातात कोंबायची होतीस आणि गाडीत बसवायचं होतंस. तू माझा हट्ट का चालवलास? हे भांडण मला करायचंय आणि समोर कुणी नाही. सुभद्रा म्हणते, तुमी चुकलासा आन् त्यांच्यावर काय वरडता. तिचं बरोबर आहे. पण बरोबर माणसाशी भांडून समाधान होत नाही.

*

वर्षभर मी काय केलं? फुंकलं. वारा गेला. कधी शिट्टी आली, कधी उकळत्या किटलीसारखं काहीतरी. वीस नळ्यांवर मान फिरवून चक्कर यायची. मग मी पंगत फडताळात ठेवायचो आणि तुला पत्र लिहायचो: 'प्रगती समाधानकारक आहे.' लष्करातून आलेला माणूस असली वाक्यं झोपेतही लिहितो. पुढच्या पत्रात 'अस्थाई बसली' आणि त्याच्या पुढच्यात 'आता अंतरा' असं लिहिलं. अस्थाई म्हणजे गाण्याचं पहिलं कडवं, एवढं तुझ्याकडूनच शिकलो होतो, तेवढंच वापरलं.

मग भाभींचं पत्र आलं. तुला दवाखान्यात ठेवलं होतं. खाली तुझ्या हातच्या दोन ओळी, अक्षर उतारावरून चाललेल्या बैलगाडीसारखं: 'दत्त्या, बेस्तरवारी पंगत घेऊन ये. चार ओळी ऐकव. जास्त नको.'

पत्र वाचून माझं डोकं, जे सरळ कामाला कधीच चालत नाही, वाकड्या कामाला धावलं. माझ्या गावाकडं बिरू म्हणून एक धनगर आहे, पावा वाजवतो. त्याची एक धून पाच सुरांतलीच आहे. भूप कशाशी खातात हे त्याला माहीत नाही, पण धून भूपाच्या गावची आहे. मी त्याला म्हणालो, "बिरू, आगगाडीत बसायचं का?" तो म्हणाला, "कुटं न्हेताय ते आधी सांगा." सांगितलं. तो बराच वेळ घोंगडीची दशी ओढत बसला. "मानूस आजारी हाय म्हनताय, तर येतो. पर ह्ये बरं दिसत न्हाई, भाऊ."

दवाखान्यात आत वाजवायला बंदी होती, हे माझ्या पथ्यावरच पडलं. तुझी खाट वरच्या मजल्याच्या व्हरांड्यात. मी खाली आवारात, पन्नास पावलांवर, कडुनिंबाखाली उभा राहिलो. बिरू बुंध्यामागं बसला. बुंधा त्याच्यापेक्षा बारीक होता. दोन्ही बाजूंनी घोंगडी दिसत होती, हे मला नंतर कळलं. तू उशीला टेकून बसला होतास. मी तुला हात केला, तू केलास. मी पंगत तोंडाला लावली आणि डाव्या पायानं बिरूला ढोसलं.

बिरू सुंदर वाजवतो, इब्रा. मी स्वतः ऐकत राहिलो. इतका, की मान फिरवायची विसरलो. मग आठवण झाली आणि फिरवायला लागलो, तर सूर वर चाललेले आणि मी लांब नळ्यांकडं, सूर खाली उतरतायत आणि मी आखूड नळ्यांकडं. मधेच मला शिंक आली. मी पंगत बाजूला धरली, शिंकलो, नाक पुसलं, आणि या साऱ्या वेळात धून अखंड चालू होती. तरी मला वाटलं, जमलं. पन्नास पावलं म्हणजे काय थोडं अंतर आहे?

वर आलो. तुझे डोळे ओले होते. तू म्हणालास, "लय ब्येस झालं, दत्त्या."

परतीच्या गाडीत मी बिरूच्या मांडीवर थाप मारली. "कळलं न्हाई त्याला."

बिरू खिडकीबाहेर उसाचे मळे बघत होता. "भाऊ, त्यो आंदळा हाय व्हय?"

मी म्हणालो, आजारी माणसाला तेवढं कुठलं भान. बिरूनं घोंगडी डोक्यावरून घेतली ती कराड आल्यावरच काढली.

सहा आठवड्यांनी तार आली, तीही उशिरा. मी मिरजेला पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मूठभर माती द्यायलाही मिळाली नाही. अब्बा कारखान्यात बसले होते, पुढ्यात अर्धा खरवडलेला भोपळा. भाभी आत बायकांत. मी दारातच उभा राहिलो. अब्बांनी हातानं चटई दाखवली. मी बसलो, उठलो, पुन्हा बसलो.

"दत्तोबा, त्या दिवशी मी तितंच हुतो," ते म्हणाले. "व्हरांड्यात. खाटंच्या मागं."

माझा चेहरा काय झाला असेल तो झाला.

"कळलं व्हतं त्याला?"

"पैल्या सुराला. म्हनाला, अब्बा, ह्यो धनगरी पावा हाय, तिसरं भोक जरा मोठं जळलंय. वाजवणाऱ्याला बोलवून घ्या, नीट करून देतो. मग तुमी शिंकलात." अब्बांच्या मिशीखाली काहीतरी हललं. "हसू तोंडात मावंना त्याच्या. हातानं दाबून धरलं. डोळ्यातनं पानी. मी म्हनालो, बोलावू तुमाला वर? तर म्हनाला, येऊ द्या, पर मला कळलंय ह्ये दत्त्याला सांगू नका. लय कष्ट घेतल्यात त्यानं."

मीही हसलो. तुझ्या घरी, तुझ्या चौथ्या दिवशी, अब्बांच्या समोर मी हसलो, आणि तेही हसले, आणि आतल्या बायकांचं बोलणं थांबलं.

मग अब्बांनी भोपळा पुढं ओढला. "दोन म्हैन्यांत हसला नव्हता. तुमी हसवलंत. अल्ला भलं करील तुमचं." पटाशी एकदा फिरली. "पर त्याला ऐकायचं व्हतं, दत्तोबा."

एवढंच. वर आवाज चढवला नाही. बिरूची घोंगडी आणि अब्बांचं हे वाक्य, दोन्ही माझ्या अंगावरून उतरत नाहीत.

तू बोलला का नाहीस? आपण एकमेकांना काय काय म्हणालो इतक्या वर्षांत. खिळ्यांवरून मला तू भर रांगेत चोर म्हणाला होतास. मटकीवरून सहा महिने सतावलंस. आणि जेव्हा खरोखर थोबाडीत मारायला हवी होती तेव्हा 'लय ब्येस'? मी त्याबद्दल तुझे उपकार मानू का रागावू, हे मला ठरवता येत नाही. सकाळी उपकार मानतो, दुपारी रागावतो. इतका दिलदार होऊ नये माणसानं. मागं राहिलेल्याला ते झेपत नाही.

आणि अजून एक आहे. ते अब्बांना माहीत नाही. त्या दिवशी मी वर आलो तेव्हा ते औषध आणायला खाली गेले होते, मी तुझ्या खाटेशी बसलो होतो, पंगत मांडीवर. तू म्हणालास, "हिकडं सरक." मी सरकलो. तू म्हणालास, "आता एकच नळी फुंक. कंचीबी. हळू. माज्या कानाशी."

मी म्हणालो, "नर्सबाई वरडंल."

तू दाराकडं पाहिलंस. व्हरांड्यात कुणी नव्हतं. मग माझ्याकडं पाहिलंस, बराच वेळ. "बरं," म्हणालास. आणि सुभद्राची कंबर आता कशी आहे ते विचारलंस.

आता मला कळतं तू काय करत होतास. मला न लाजवता मागत होतास. धून गेली तर गेली, तू तुझ्या पंगतीचा एक सूर मागितलास.

इब्रा, एक नळी मला येत होती. सातवी. वर्षभरात तेवढी एक जमली होती, बाकीच्या एकोणीस नुसता वारा. ती कशी जमली मला सांगता येणार नाही, पण ओठ ठेवला की सूर यायचा, भरलेला, तू केलास तसा. पन्नास पावलांवरून सगळा भूप वाजवून आलेल्या माणसाला एकच सूर येतो हे तुला कळेल, म्हणून मी लाजलो. तुला तर सगळंच कळलं होतं. लाज माझी, आणि उपाशी राहिला तुझा कान.

मी आता रोज सकाळी ती नळी फुंकून बघतो. मनात असतं, एखाद्या दिवशी चुकेल, नुसता वारा जाईल, आणि मग मला स्वतःला सांगता येईल की त्या दिवशीही सूर आला नसताच. अजून तरी चुकला नाही. ओठ ठेवला की येतो.